कारखानीसबाईंची नातीगोती

आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत कुणी पाल मारायला झाडू उचलला, की समोरच्या दारातून कारखानीसबाईंचा आवाज यायचा, "अहो, हळू! लांबची का होईना, नात्यातली आहे ती."

बाईंनी तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्या, पण तास संपला नाही. ग्रिलवरचं कबूतर चुलत, नळाजवळचा बेडूक त्याहून लांबचा. डासांचं नातंही त्या मान्य करत. मारताना फक्त "संबंध ताणलेत" म्हणत.

मी तेव्हा येरवड्याच्या एका आयटी कंपनीत होतो. मंदीत माणसं कमी करायला लागले आणि आमच्या साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं, जो बलवान तो टिकणार, हा निसर्गाचाच नियम आहे. घरी येऊन बाईंना सांगितलं, तर त्या उसळल्या.

"कोणी शिकवलं हो त्यांना? बलवान टिकत असता तर आज डायनोसॉर रिक्षा चालवत असता. सगळ्यात चिवट टिकलंय ते झुरळ. त्याला करा म्हणावं मॅनेजर!"

त्याच वर्षी माझ्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. बाई देव मानत नसत. पण वडे-खिरीशी त्यांचा वाद नव्हता, म्हणून लवकरच येऊन बसल्या. गुरुजींनी मला वडील, आजोबा, पणजोबा अशी नावं विचारली.

"तीनच पिढ्या?" बाई म्हणाल्या. "मागचे कुठे गेले?"

"किती मागे जायचं?" गुरुजींनी मान वर न करता विचारलं.

"माशापर्यंत गेलात तरी माझी हरकत नाही."

"माशाचं नाव आणि गोत्र सांगा बाई, त्याचाही पिंड ठेवतो."

आम्ही सगळे हसलो. बाई हसल्या नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "गोत्र माहीत नसलं तर?"

"तर काश्यप म्हणायचं. माणसं, साप, पक्षी, सगळ्यांचा मूळपुरुष तोच."

आता बाई जिंकल्यासारख्या टाळी वाजवणार, असं मला वाटलं. पण त्या खाली बघून बोलू लागल्या.

"आमचे हे अनाथाश्रमात वाढले. आडनावसुद्धा तिथल्या व्यवस्थापकांचं. आमच्या लग्नात लोक विचारत होते, मुलाकडचे कोण आलेत? कोणीच नव्हतं. मग मी त्यांना रोज एक नातेवाईक शोधून द्यायचे. आज खार, उद्या कावळा. फार हसायचे. ते गेले तेव्हा मी काहीच विधी केले नाहीत. पटत नव्हतं. आजही पटत नाही."

गुरुजींनी माझ्या ओंजळीत तीळ टाकले. "शेवटचं पाणी ज्यांचं करणारं कुणी नाही, त्यांच्यासाठी असतं," ते म्हणाले. "त्यासाठी पटायची अट नाही. नाव सांगा, बाई."

एरवी त्यांचा आवाज तीन मजले ऐकू जायचा. त्या दिवशी शेजारी बसलेल्या मलाही कान द्यावा लागला.

"वसंत."

मी पाणी सोडलं.