घाडीगावकरांची माउंट-व्यवस्था

मनुष्याला दोनच हात मिळाले आहेत, आणि मोटारसायकलचं हँडल ते दोन्ही अडवून ठेवतं. सृष्टीच्या रचनेतली ही गंभीर त्रुटी फार थोड्यांच्या लक्षात येते. लालबागच्या सीताराम घाडीगावकरच्या ती निवृत्तीनंतर सोळाव्या दिवशी लक्षात आली.

त्याआधी चौतीस वर्षं तो एका विमा कचेरीच्या रेकॉर्ड विभागात होता. (या काळात एकही फाइल हरवली नाही. काही सापडल्या नाहीत, पण ती बाब वेगळी.) निवृत्तीनंतर मोटारसायकलवरून कोकण पालथं घालायचं, पहिल्या फेरीत बायकोला, नलूला, मागे बसवून तिच्या माहेरी कणकवलीला न्यायचं, असं ठरलं होतं. गाडी आली. हार घातला, पेट्रोल भरलं. निघायचं तेवढं राहिलं.

कारण फोन कुठे लावणार?

दुकानात फोन हँडलवर अडकवायच्या माउंटचे चोवीसशे सांगितले. सीतारामने साबणाची डबी, एक क्लिप आणि नलूच्या जुन्या चपलेचं रबर घेऊन तोच माउंट पस्तीस रुपयांत केला. (चाचणीत फुटलेले दोन फोन हा संशोधनखर्च होय, तो यात धरत नाहीत.) मग पाण्याच्या बाटलीसाठी पाइप कापला. पाठीमागे बॅगा लावायला घरातली मांडणी खोलली. भांडी जमिनीवर आली, पण जमीन आधीपासून होतीच. गणपतीच्या छोट्या मूर्तीलाही स्वतंत्र माउंट मिळाला, फोनच्या खाली. मार्ग दाखवायचं काम आता फोनकडे असल्यामुळे ज्येष्ठतेचा प्रश्न आला नाही.

प्रत्येक माउंटची चाचणी वरळी कोळीवाड्याच्या गल्लीत होई. खड्डे, सुकत घातलेले बोंबील आणि कोळणींच्या शिव्या, या तिन्ही कसोट्या तिथे एकाच फेरीत होतात. बाटलीचा माउंट तिन्हींत उत्तीर्ण झाला. कॅमेऱ्याचा तिसरीत खचला.

अशी तीन वर्षं गेली. गिरगावातला त्याचा मित्र आग्नेलो तेवढ्यात दोनदा गोव्याला जाऊन आला, परंतु अत्यंत अशास्त्रीय पद्धतीने. फोन खिशात, बाटली पिशवीत, पिशवी जुन्या ट्यूबने बांधलेली.

"सीताराम, अरे गाडी रस्त्यावर चालते. चाळीत नाय," आग्नेलो म्हणाला.

"तू नुसता पोचलास," सीताराम म्हणाला. "तयारी कुठे होती?"

यावर आग्नेलोकडे फक्त फोटो होते.

शेवटी नलूच्या भावाच्या मुलीचा साखरपुडा ठरला. नलू तीन वर्षांत माहेरी गेली नव्हती. कधीही निघू, आपण गाडीवरूनच जाणार, असं सीतारामने दर सणाला सांगितलं होतं आणि तिने ते दर सणाला ऐकलं होतं. आता ती म्हणाली, "परवा साखरपुडा. उद्या सकाळी निघायचं. तुमचं जेवढं लागलंय तेवढं बास."

सकाळी सात वाजता चाळीने टाळ्या वाजवल्या. गाडीवर एकोणीस माउंट होते. सीटवर शिल्लक जागा नऊ इंच. (नलूला किती लागते, याची नोंद घेतलेली नव्हती.) तिच्या पिशवीला माउंट नसल्यामुळे पिशवी मांडीवर.

"ह्यां सगळां कशाक?" नलू माहेरच्या बोलीत म्हणाली. "माका बसाक जागा व्हयी."

"कणकवलीपर्यंत सवय होईल," सीताराम म्हणाला आणि गाडी सुरू केली.

परळच्या एसटी डेपोशी बाटलीचा माउंट किरकिरायला लागला. तीन वर्षांत तो कधी किरकिरला नव्हता. सीतारामने गाडी बाजूला घेतली. "उतर जरा, पान्हा तुझ्या खाली आहे." नलू पिशवी घेऊन उतरली. त्याने तिच्या तळहातावर दोन स्क्रू आणि एक वायसर ठेवला, माउंट खोलला, पुसला, स्क्रू परत घेतले, आवळले. किरकिर थांबली. तो इतका खूश झाला की टांग टाकून निघालाच. मागची बॅग पुढे कलून त्याच्या पाठीला टेकली होती. लालबागपासून नलूही तशीच टेकलेली होती.

सायनपर्यंत फोन सात वेळा वाजला. एका वेळचे तीस सेकंद धरले तर साडेतीन मिनिटं अखंड थरथर, आणि फोन डबीतून केसभरही हलला नाही! सीतारामचा ऊर भरून आला. फोन उचलायचा तर चार स्क्रू काढावे लागत, म्हणून त्याने पडद्यावरचं 'नलू' हे नाव कौतुकाने पाहिलं आणि मागे वळून म्हणाला, "बघ, तुझाच फोन आहे!"

मागे नऊ इंच मोकळे होते.

चार स्क्रू काढायला सहा मिनिटं लागली. मग त्याने परत फोन लावला.

"कुठे आहेस तू?"

"कणकवलीच्या एसटीत. खिडकीची जागा मिळाली," नलू म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे त्याला जास्त भीती वाटली. "तुमचा एक वायसर माझ्या मुठीत राहिलाय. अडेल का तुमचं?"

"नलू, उतर. मी येतो. आत्ता येतो."

"नको हो. पाय पसरून बसलेय मी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सीतारामने गाडी उलटी फिरवली. एकोणीस माउंट खडखडत असताना त्याने एकाकडेही पाहिलं नाही. डेपोत धावत शिरला तेव्हा एसटी सुटून गेली होती. रिकाम्या फलाटावर हेल्मेट पोटाशी धरून तो उभा राहिला. बत्तीस वर्षांच्या संसारात ती एकटी कुठे गेली नव्हती. डोळे भरून आले. शेजारी उभा असलेला एक कंडक्टर त्याच्याकडे आणि मग बाहेरच्या गाडीकडे बघत राहिला. शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाला,

"काका, ती साबणाची डबी आहे ना?"

सीतारामने डोळे पुसले. "क्लिप बघा तुम्ही, क्लिप," तो म्हणाला. दुपारी एकपर्यंत तो तिथेच समजावत होता.

ही हकीकत आजवर सत्तेचाळीस जणांना सांगून झाली. नलू साखरपुड्याला पोचली का, परत आली का, हे एकानेही विचारलं नाही. बेचाळीस जणांनी बाटलीचा पाइप किती इंची ते विचारलं, पाच जणांनी डबी कुठे मिळते ते. आपण अर्थातच तसे नाही. आपल्याला नलूचीच काळजी लागून राहिली असणार.

तरी सांगून ठेवतो. पाइप तीन इंची घ्यावा.