जावयाची काही हरकत नाही

कुठलाही अर्ज माझ्या हाती द्या, मंजूर करूनच आणतो! विमा कचेरीत बावीस वर्षं लोकांचे अर्ज मीच नामंजूर करत आलोय, त्यामुळे नकार देणाऱ्याचं डोकं कसं चालतं ते मला पाठ आहे. म्हणून बायकोला छाती पुढे काढून म्हटलं, "तू ॲप बनव. स्टोअरवर चढवायचं माझ्यावर सोड."

ॲप माझ्या सासऱ्यांसाठी होतं. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज जाणार होता, कायमचा. बायको प्रोग्रामर. तिने वडिलांना सांगितलं, घरात रोज जे बोलता ते आधीच रेकॉर्ड करून ठेवा; मग फोनवर बटण दाबलं की तुमचाच आवाज येईल. सासरे पडले प्रामाणिक. रोज बोलतात तेच त्यांनी बोलून ठेवलं. एकूण साठ वाक्यं, त्यातली एक्केचाळीस मला उद्देशून. "अहो जावईबापू, डोकं गहाण टाकलंत का?" हे त्यातल्या त्यात सौम्य. उरलेली बहुतेक शेजारी आणि डॉक्टर यांच्या वाट्याला.

त्यांच्या फोनमध्ये स्टोअरच्या परवानगीशिवाय ॲप शिरत नाही. तिकडे ऑपरेशन पार पडलं आणि इकडे स्टोअरचा नकार आला: या ॲपमध्ये एका व्यक्तीचा सतत अपमान होतो. मी लगेच कळवलं, ती व्यक्ती मीच, माझी काही हरकत नाही. त्यांनी संमतीचा पुरावा मागितला. मी लग्नाचा फोटो जोडला. तर म्हणे, खासगी फोटो चालत नाहीत.

मग मीही इरेला पेटलो. बायकोला न विचारता अपमानाची सगळी वाक्यं ॲपमधून काढून टाकली. उरली तीन: 'हो', 'नको' आणि 'पंखा लावा'. तिसरा नकार आला की एवढ्याशा उपयोगाचं ॲप आम्ही ठेवत नाही. सासरे दुसऱ्या दिवशी घरी येणार होते आणि मी त्यांना पंख्यापुरतं ठेवलं होतं.

बायकोने तो नकार वाचला. फक्त म्हणाली, "ॲप नको म्हणतात ना? मग ॲप नकोच."

तिने साठच्या साठ वाक्यं एका वेबपानावर चढवली, दवाखान्यात जाऊन ते पान वडिलांच्या फोनमध्ये उघडलं आणि त्याचं चिन्ह पहिल्याच स्क्रीनवर आणून ठेवलं. दिसायला हुबेहूब ॲप, पण स्टोअरची पायरी न चढलेलं. नियम एकही मोडला नाही! असा अर्जदार माझ्या टेबलासमोर आला असता, तर मी उभं राहून सही केली असती.

सासरे घरी आले. गळ्याला पट्टी होती. खुर्चीत बसून त्यांनी चष्मा चढवला, बटणांवरून बराच वेळ बोट फिरवलं आणि एक दाबलं.

"अहो, दार काय आपोआप लागतं का?"

बायको रडायलाच लागली. दार खरं तर लागलेलंच होतं. तरी मी उठलो, ते उघडलं आणि पुन्हा नीट लावून आलो.