शंभरपैकी अकरा

माझ्या वहिनी कस्तुराबाई यांना शंभरपैकी अकरा गुण पडले. आमच्या घराण्यात इतके कमी गुण आजवर कुणालाही पडलेले नाहीत. माझ्या धाकट्या मेहुण्यालासुद्धा गणितात चौदा होते. ही बातमी सकाळच्या एसटीनं तामलवाडीत आली आणि दुपारपासून माणसं आमच्याकडं बसायला येऊ लागली. कुणी फारसं बोलत नव्हतं. चहा मात्र सगळ्यांनी घेतला.

मी आण्णासाहेब, निवृत्त मुख्याध्यापक. चौतीस वर्षं पोरांना मार्क दिले आणि त्यातली एकोणीस वर्षं भरारी पथकात राहून कॉप्या पकडल्या. त्यामुळं गुणांच्या बाबतीत गावात माझा शब्द शेवटचा मानतात. निदान तेव्हा मानत होते.

आता वहिनींची परीक्षा कसली, ते सांगतो. फाल्गुनात गावात तपासणी शिबिर झालं. त्यात दोघींच्या छातीत गाठ निघाली, एक आमच्या वहिनी आणि दुसऱ्या शेजारच्या नसीमबी. दोघींची ऑपरेशनं सोलापूरला नीट पार पडली. मग डॉक्टरीणबाईंनी गाठीचे तुकडे लांबच्या प्रयोगशाळेत पाठवले. तिथं गाठीतली जनुकं तपासून शून्य ते शंभरमधला एक आकडा काढतात. हे दुखणं पुढं परत डोकं वर काढेल का, याचा अंदाज त्या आकड्यावरून बांधतात. वहिनींचा आकडा आला अकरा. नसीमबींचा बेचाळीस.

डॉक्टरीणबाई हसतच म्हणाल्या की आकडा जितका लहान तितकं चांगलं. वहिनींना केमोची गरज नाही, रोज एक गोळी घ्यायची, पाच वर्षं. नसीमबींना मात्र केमो घ्यावी लागेल. वहिनींचा जीव भांड्यात पडला. त्यांची लेक अर्पिता पहिल्या बाळंतपणासाठी आषाढात माहेरी यायची होती. आईच केमो घेऊन अंथरुणाला खिळली तर लेकीला गरम पाणी कोण देणार आणि बाळाला पायावर कोण घेणार, या घोरानं त्यांची झोप उडाली होती. गाठीची त्यांना तेवढी धास्ती नव्हती.

हे सगळं मीही ऐकलं. पण ऐकणं वेगळं, पटणं वेगळं. चौतीस वर्षांत कमी मार्कांची गोड बातमी मला एकदाही कुणी दिली नव्हती. डॉक्टर असं धीर देण्यापुरतं बोलतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. 'मुलगा हुशार आहे, फक्त अभ्यास करत नाही' हे वाक्य मी स्वतः हजारभर आईबापांना ऐकवलेलं आहे.

गावाचंही मत माझ्यासारखंच पडलं. आठ दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. 'तपासणीत ४२ गुण मिळवून गावात प्रथम आल्याबद्दल नसीमबी यांचे हार्दिक अभिनंदन', आणि खाली अकरा शुभेच्छुकांचे फोटो. ग्रामपंचायतीनं नसीमबींच्या नवऱ्याचा, दादामियाँचा, शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. बिचारे दादामियाँ सारखे सांगत होते की अहो, हे तसं नाही. आम्ही तो त्यांचा विनय समजलो. पहिल्या केमोनंतर नसीमबी ओढणी सारखी करत वहिनींना म्हणाल्या, "कस्तुरा, पयला नंबर आया, अन इनाम में बाल गए." दोघी किती तरी वेळ हसत बसल्या. नापास झालेल्या बाईनं इतकं हसावं, हे काही मला आवडलं नाही.

वहिनींची गोळी सरकारी योजनेतून मिळायची होती, आणि योजनेत नाव लावायला धाराशिवच्या पूर्वानुमान गुणांकन कक्षात जावं लागलं. हा कक्ष नवीनच निघाला होता. घाईघाईत त्याला स्वतःचा अर्ज छापता आला नव्हता, म्हणून शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन त्याचं फक्त डोकं बदललं होतं. रकाना सात तसाच राहिला होता: 'किमान ३५ टक्के गुण आवश्यक'. कक्षाधिकारी महालिंगप्पा साहेब सभ्य गृहस्थ. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि हळहळून सांगितलं की अनुत्तीर्ण लाभार्थ्याला गोळी देता येत नाही. बाहेरून विकत घ्यावी म्हटलं तर योजनेतून नाव कटतं आणि पुढच्या सगळ्या तपासण्या बंद होतात.

"साहेब, ताप एकशे चार आला म्हणून कुणी पेढे वाटतं व्हय?" वहिनींनी विचारलं.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांना खुणेनंच सांगितलं की बाई शाळेत गेलेली नाही. मग आम्ही दोघं शिकलेली माणसं कामाला लागलो.

वाढीव गुण हा माझ्या हातचा मळ. दुष्काळी भागातला रहिवास, दहा. ज्येष्ठ महिला, सहा. ग्रामीण, पाच. अजून तीन कमी पडत होते. तेव्हा शाई न पसरवता अंगठा स्वच्छ उमटवल्याबद्दल साहेबांनी मोठ्या मनानं तीन दिले. झाले बरोबर पस्तीस. काठावर का होईना, वहिनी पास झाल्या. येताना एसटीत मी खिडकीची जागा त्यांना दिली.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. अर्ज जरी शिष्यवृत्तीचा असला तरी आतला संगणक खरा होता, आणि त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पस्तीस म्हणजे धोका मोठा, असं त्यानं बरोबर ओळखलं. गोळी नामंजूर, केमो मंजूर. पहिली तारीख आषाढ शुद्ध तृतीया. अर्पिता येणार होती त्याच दिवशीची.

आम्ही डॉक्टरीणबाईंकडं पळालो. त्यांनी कपाळावर हात मारला. गरज नसताना मी केमो देणार नाही, म्हणाल्या, पण गोळी संगणकानं सोडल्याशिवाय मिळत नाही आणि गोळी वेळेत सुरू झालीच पाहिजे. आकडा कमी करून आणा. वहिनी दवाखान्याच्या पायरीवर बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा बघितलं.

"भावजी, मरणाला म्या भ्याले न्हाय," त्या म्हणाल्या. "पर तुमच्या हुशारीनं माजी बाळंतपणाला आलेली लेक माघारी लावू नका."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुन्हा धाराशिव. महालिंगप्पा साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. गुण वाढवण्याचे एकूण सतरा मार्ग कक्षात उपलब्ध होते. गुण कमी करण्याचा अर्ज मात्र शासनानं छापलेला नव्हता, कारण तो आजवर कुणी मागितलाच नव्हता. शिवाय मिळालेलं यश परत घेणं हे कक्षाच्या धोरणात बसत नाही. एवढ्यात शिपायानं चहा आणला. साहेबांचा कप वेगळा होता.

वहिनींनी विचारलं, "बिनसाखरेचा का वो?"

साहेब म्हणाले, "मधुमेह आहे. परवाच साखर तपासली, तीनशे दहा निघाली."

वहिनी उठल्या. टेबलावरच्या फुलदाणीतलं प्लॅस्टिकचं गुलाब काढून त्यांनी दोन्ही हातांनी साहेबांपुढं धरलं. "लई हुशार हाव की साहेब. अभिनंदन. आमच्या भावजींची दोनशे साठच हाय, पर ते बी जिद्दीचे हायत, गाठतील तुमाला."

शिपाई तोंडावर हात धरून बाहेर गेला. साहेबांनी गुलाबाकडं बघितलं, मग कपाकडं, मग वहिनींच्या रिपोर्टकडं. मला वाटतं, तो रिपोर्ट त्यांनी तेव्हा पहिल्यांदाच वाचला. मीही तेव्हाच वाचला, आणि खरं सांगायचं तर मला माझीच लाज वाटली.

"पटलं," साहेब हळूच म्हणाले. "पण रकाना सातचं काय करू?"

नियमांची पुस्तिका आम्ही तिघांनी मिळून चाळली. म्हणजे दोघांनी चाळली आणि वहिनींनी पानं धरली. गुण रद्द होण्याचं एकच कलम सापडलं: परीक्षेतला गैरप्रकार. कॉपी सिद्ध झाली तर वाढीव गुण जातात, मूळ आकडा कायम राहतो, आणि ज्याचा निकाल रद्द झाला त्याला रकाना सात लागू होत नाही. म्हणजे नापासाला गोळी नाही, पण कॉपीबहाद्दराला आहे. फक्त कॉपी पुरवणाऱ्याचं नाव लागत होतं.

एकोणीस वर्षं मी लोकांच्या बाह्यांतून चिठ्ठ्या ओढून काढल्या. पोरांना कान धरून बाहेर काढलं. 'शंकरपाळ्यावर उत्तर लिहून आणलं' असा अहवाल एकदा माझ्या सहीनं गेलेला आहे. त्याच मी त्या दिवशी स्वतःच्या हातानं लिहून दिलं की सदर महिलेस चोवीस गुण मी बेकायदा मिळवून दिले. खाली सही केली. वहिनी म्हणाल्या, "सही लई झ्याक आली, भावजी. तीन मार्क."

आठव्या दिवशी आदेश आला. तो आता फ्रेम करून आमच्या भिंतीवर आहे. 'सदर लाभार्थीने गैरमार्गाचा अवलंब केल्याचे निष्पन्न झाल्याने तिचे वाढीव गुण रद्द करण्यात येत असून, तिला पुढील पाच वर्षे या रोगास बसण्यास मनाई करण्यात येत आहे.' अर्जाप्रमाणे आदेशाचा मजकूरही जुनाच होता, फक्त 'परीक्षेस'च्या जागी 'रोगास' आलं होतं. वहिनींनी तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला आणि देवापुढं ठेवला. त्याच दिवशी गोळी सुरू झाली.

अर्पिता ठरल्या दिवशी आली आणि तिला मुलगी झाली. नसीमबींची केमो संपली, तब्येत उत्तम आहे, केस बोटभर आलेत. बारशाला त्यांनीच पाळणा म्हटला. गाव आता शहाणं झालंय. परवा शेजारच्या गावातल्या एका बाईंचा आकडा नऊ आला, तेव्हा दोन मार्कांनी आपला पहिला नंबर गेला म्हणून ग्रामपंचायतीत हळहळ व्यक्त झाली. फेरतपासणीला पाठवायचं का, असं मला विचारत होते. मी हात जोडले.

तुम्ही हसताय. हसा. पण या गोष्टीची पहिली ओळ वाचली तेव्हा तुमच्या तोंडून 'अरेरे' निघालं होतं. नाही म्हणू नका, चौतीस वर्षं वर्गावर नजर ठेवलेली आहे, मागच्या बाकावरचंसुद्धा मला ऐकू येतं. आता उठताना तेवढी तुमची साखर किती आली ते सांगून जा. वहिनी प्लॅस्टिकचं गुलाब घेऊन दारात उभ्या आहेत.