तीन सोपे प्रश्न

खण्ण!

वॉशिंग मशीन गरगरलं, त्यावरचं नवऱ्याचं शिरस्त्राण फरशीवर आपटलं आणि महत्प्रयासाने झोपवलेली लेक टक्क जागी झाली. आता तिला थोपटत, दुसऱ्या हाताने लिहितेय. अक्षर समजून घ्या.

माझा नवरा सुट्टीच्या दिवशी अंगावर वीस किलो लोखंड चढवतो आणि जुन्या काळातल्यासारखा बोथट तलवारीने लढतो. मी त्या लढतींची सुरक्षा पंच. हातात पिवळा झेंडा, गळ्यात शिट्टी. कुणाचा पट्टा सैल आहे, कुणाची मान उघडी आहे, ते बघायचं. डोक्याला मार बसला की तीन प्रश्न विचारायचे: नाव काय, आपण कुठे आहोत, आज वार कोणता? एक जरी चुकलं तरी गडी बाद!

यंदा नवरा अंतिम लढतीत पोचला. आठ महिने घाम गाळला होता त्याने. मुख्य पंचांना आम्ही मास्तर म्हणतो. ते म्हणाले, "या लढतीला दुसरा पंच देऊ का?"

"कशाला? मैदानात मी कुणाची बायको नाही!"

नवरा दोन गुणांनी पुढे. अर्धं मिनिट उरलेलं. तेवढ्यात समोरच्याची ढाल त्याच्या कानशिलावर बसली आणि तो भांड्यांच्या मांडणीसारखा कोसळला. मी शिट्टी फुंकली, धावले, शिरस्त्राणाची झडप उघडली. आत घामाघूम, पण हसरा चेहरा.

"तुमचं नाव?"

"अगं!"

"'अगं' चालणार नाही. नाव सांगा."

त्याने वडिलांच्या नावासकट सांगितलं.

"आपण कुठे आहोत?"

"मैदानात. आणि तू माझ्या हातावर उभी आहेस."

मी पाय काढला. "आज वार कोणता?"

तो लोखंडी बोटांवर वार मोजू लागला.

या माणसाला लग्नापासून वार ठाऊक नाही! गेल्या महिन्यात लेकीला दप्तर अडकवून शाळेत घेऊन गेला, तर फाटकाला कुलूप. रविवार होता.

"शनि..." माझ्या भुवया बघून तो अडखळला. "रवि?"

"पहिलं उत्तर धरायचं! आज रविवार आहे!" कुंपणापलीकडून मास्तर.

"मास्तर, हा घरीही असाच असतो हो!"

"घरीही? कधीपासून?"

"लग्नापासून!"

मास्तरांचा चेहरा पडला. "डॉक्टर! स्ट्रेचर!"

डॉक्टर पळत आले. "बायकोचा वाढदिवस कधी?"

नवऱ्याने आशेने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी गंभीरपणे काहीतरी टिपून घेतलं. चौघांनी स्ट्रेचर उचललं, त्या लोखंडाच्या वजनाने त्याचा दांडा कडकन मोडला. शेवटी रुग्णच उठला आणि मोडकं स्ट्रेचर काखेत मारून रुग्णवाहिकेकडे निघाला.

जाता जाता हळूच म्हणाला, "मी ठणठणीत आहे. तुला माहितीये."

माहीत होतं. मी झेंडा वर केला. बाद!

तपासणीत काहीही निघालं नाही. करंडक समोरच्याला मिळाला, तोही बिचारा ओशाळला होता. गाडीतून घरी येताना नवरा एवढंच म्हणाला, "नियम म्हणजे नियम." रागावला असता तर बरं झालं असतं!

मागच्या सीटवरून लेकीने माझा खांदा हलवला.

"आई, बाबांना कधीच वार येत नाही, तुला माहिती होतं ना? मग तू दुसरं काहीतरी का नाही विचारलंस?"