सव्वापाचची मुक्कामी गाडी

संगीत विभागाच्या स्वरसत्राचे सहापैकी पाच कार्यक्रम दणक्यात पार पडले होते, आणि पाचांपैकी एकातही कुणी गायलं नव्हतं. गंमत म्हणजे ही गोष्ट सुचिता मॅडमशिवाय कुणाच्या ध्यानातही आलेली नव्हती. प्राचार्यांनी तर पाचही कार्यक्रमांचे फोटो कॉलेजच्या ग्रुपवर टाकून त्याखाली 'सुरेल सायंकाळ' असं लिहिलं होतं आणि त्याला भरपूर अंगठेही आले होते.

सुचिता मॅडम म्हणजेच बुलढाण्याच्या त्या कॉलेजातला अख्खा संगीत विभाग. तबल्याच्या साथीला तासावर येणारे युसूफभाई, आणि एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला एकुलती एक पूनम. विद्यापीठाचा नियम असा, की शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं किमान पंचवीस श्रोत्यांपुढे वीस मिनिटं जाहीर गायन करायचं आणि त्याचा व्हिडिओ एकतीस मार्चपर्यंत पाठवायचा. नाही पाठवला तर वर्ष गेलं. जूनपासून जळगाव जामोदच्या एका शाळेनं पूनमला संगीतशिक्षिका म्हणून यायला सांगितलं होतं, पण डिग्री हातात असेल तर. तेव्हा वर्ष गेलं की नोकरीही गेली.

अडचण गाण्याची नव्हती. पोरीचा भीमपलास असा, की युसूफभाईंसारखा कंजूष माणूसही मधूनच 'वा' म्हणून जाई. अडचण गाडीची होती. पूनमचं बोरखेडी देऊळघाटच्याही पुढे, आडबाजूला. तिकडे दुपारनंतर एकच गाडी, सव्वापाचची. तीही मुक्कामी, म्हणजे पार शेवटच्या गावाला जाऊन रात्रभर तिथेच थांबणारी आणि सकाळी परतणारी. पूनमचा बाप गोविंदा रोज बोरखेडीच्या फाट्यावर मोटरसायकल घेऊन उभा राही. गाण्याला त्याची ना नव्हती. "गा, खूप गा, पण सव्वापाचच्या गाडीनं ये," एवढंच त्याचं म्हणणं होतं.

पहिल्या कार्यक्रमाची वेळ दुपारी तीनची होती. संस्थेचे अध्यक्ष उकंडराव पावणेचारला आले. समई पेटवायला गेले तर पंखा आडवा आला. पंखा बंद केला तर काडेपेटी सापडेना. मग स्टेजवरच्या नऊ जणांचे सत्कार, मग प्रास्ताविक, मग पाहुण्यांचा परिचय, आणि मग उकंडराव उभे राहून म्हणाले, "मी काही जास्त वेळ घेणार नाही." मॅडमनी तेव्हाच घड्याळाकडे पाहिलं. पूनमनं 'सा' लावला तेव्हा पाच वाजून पाच मिनिटं झाली होती.

"मॅडम, मी जाऊ? गाडी सुटून जाईन ना," ती तंबोऱ्याआडून कुजबुजली.

"जा," मॅडम म्हणाल्या. काय करणार? तेवढ्यात आभारप्रदर्शनाला सुरुवातही झाली होती.

दुसऱ्या वेळी मॅडमनी कार्यक्रमपत्रिकेत गाणं सगळ्यात आधी घातलं. पण दिवा लागल्याशिवाय गाणं नाही आणि पाहुण्यांशिवाय दिवा नाही. पाहुणे साडेचारला आले. तिसऱ्या वेळी त्यांनी मुद्दाम शाली आणि नारळ आणलेच नाहीत. प्राचार्य कसलेले होते. ते म्हणाले, "हरकत नाही. आपण मान्यवरांचं शब्दसुमनांनी स्वागत करू." शालीला एक मिनिट पुरतं, नारळाला त्याहून कमी. शब्दसुमनांना माणशी सहा मिनिटं लागली.

मॅडमनी मग पदर खोचला. चौथ्या कार्यक्रमाला त्यांनी पाहुणाच बोलावला नाही. स्टेजवर फक्त तबला, तंबोरा आणि पूनम. प्राचार्य आत आले, स्टेजवर एकही खुर्ची नाही हे पाहिलं आणि घरात चोरी झाल्यासारखे उभे राहिले. "अध्यक्षाशिवाय कार्यक्रम? शोभत नाही मॅडम," असं म्हणून त्यांनी पहिल्या रांगेतल्या एका निवृत्त हेडमास्तरांना स्टेजवर बसवलं. ते बसले म्हटल्यावर त्यांच्याच वर्षी निवृत्त झालेले दुसरे हेडमास्तर घसा खाकरू लागले. त्यांना घेतलं, तसे माजी सरपंच चपला शोधायला लागले. एकेकाची समजूत काढता काढता चौदा जण वर गेले. पूनमला जागा करून द्यावी लागली, ती खाली येऊन बसली, आणि समोर श्रोते म्हणून ती, युसूफभाई आणि माइकवाला एवढेच उरले.

"मॅडम, या गावात माणूस गाणं ऐकाले नाही येत, नाव ऐकाले येते," युसूफभाई डग्ग्याला गवसणी घालत म्हणाले. "आपन वर्गात पोरं बसवून शूटिंग करून टाकू ना."

"मार्चमध्ये वर्गात पोरं? कुठून आणता पंचवीस? आणि का आणायची?" मॅडमचा आवाज चढला. "पोरीनं पाच वर्षं घासलंय. ती माणसांसमोरच गाईल. बघाच तुम्ही."

पाचव्या वेळी त्यांनी मुळावरच घाव घालायचं ठरवलं. एसटीतल्या एका साहेबांना गाठून त्यांनी हात जोडले, की एक दिवस, फक्त एक दिवस गाडी अर्धा तास थांबवा. साहेब भले माणूस. "थांबवतो की! गाण्यासाठी नाही थांबवायची तर कशासाठी?" असं म्हणून ते स्वतःच कार्यक्रमाला आले. आले म्हटल्यावर प्राचार्यांनी त्यांना वर घेतलं, शाल पांघरली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. साहेब लाल गाडीबद्दल मनापासून बोलले. इतके मनापासून, की गाडी थांबवायचा निरोप द्यायचा राहूनच गेला. साहेब माइकपुढे वक्तशीरपणावर बोलत असताना गाडी अगदी वेळेवर सुटली. त्या दिवशी युसूफभाईंनी पूनमला स्कूटरवर बसवून देऊळघाटपर्यंत गाडीचा पाठलाग केला.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या मनातही आली नाही. पाच कार्यक्रमांत मिळून साठेक सत्कार झाले असतील, माइकवाल्याचाही झाला. सुचिता मॅडमचा मात्र एकदाही झाला नाही, कारण प्रत्येक वेळी तबक धरून त्याच उभ्या होत्या. मॅडमना त्याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण वाईट वाटून घ्यायला वेळ कुठे होता?

सहावा कार्यक्रम एकतीस मार्चला होता. सत्राचा समारोप. म्हणजे सत्र यशस्वी करणाऱ्या सर्वांचे सत्कार. यादी पाहिल्याबरोबर मॅडमना कळून चुकलं, की ही यादी मावळतीच्या आत संपत नाही. त्या शांतपणे मागे बसल्या. साडेचार झाले. पावणेपाच झाले. उकंडरावांनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "मी काही जास्त वेळ घेणार नाही."

मॅडम उठल्या. "युसूफभाई, तबला उचला. पूनम, चल."

"कुठं?"

"श्रोते जिथे आहेत तिथे."

तिघं मधल्या वाटेनं, तबला-डग्गा घेऊन, सरळ दारातून बाहेर पडले. कुणी मान वळवून पाहिलंही नाही. गाणाऱ्यांवाचून त्या कार्यक्रमाचं काहीच अडत नव्हतं.

सव्वापाचची गाडी खच्चून भरली होती. बाजार करून निघालेली माणसं, शेगावहून दर्शन करून आलेल्या बाया, पिशव्या, पाण्याचे डबे, एक नवा कोरा फवारणी पंप. कंडक्टर शाहजादीबाई दारातच आडव्या आल्या.

"हे काय होय? लग्नाचा बेंड हाय का?"

मॅडमनी एका दमात सगळं सांगितलं. नियम, पाच कार्यक्रम, आजची शेवटची तारीख. शाहजादीबाई पूनमला तीन वर्षं रोज पाहत होत्या. "ही पोरगी गाते? अन् मले पत्ताच नाही!" त्या वळल्या आणि मागच्या लांब सीटकडे बोट करून ओरडल्या, "ओ भाऊ, उठा तिथून! तिथं कार्यक्रम हाय!"

पाचही कार्यक्रमांत एवढ्या झटपट स्टेज मोकळं झालं नव्हतं. युसूफभाईंनी तबला मांडीत घट्ट धरला. तंबोरा युसूफभाईंच्या मोबाइलवर लागला. मॅडमनी डोकी मोजली. बसलेले बेचाळीस, उभे सतरा. विद्यापीठानं मागितले होते पंचवीस. शाहजादीबाईंनी मॅडमचा फोन हातात घेतला, दांड्याला पाठ टेकवली आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "गणेशभाऊ, आज गड्ड्यातून नेऊ नका हो, पोरीची परीक्षा हाय!"

गाडी गावाबाहेर पडली आणि पूनमनं 'सा' लावला. पहिली दोन मिनिटं कुणाला काही कळेना. एक जण म्हणाला, "गाणं कधी सुरू होईन?" त्याला पुढच्या सीटवरच्या, शेगावहून दर्शन करून आलेल्या सोजराबाईंनी, डोक्यावरचा पदर सावरत, "चूप बस ना, चालूच हाय ते," असं दटावलं. मग हळूहळू बोलणी थांबली. पूनमचे डोळे मिटले होते. गाडी हेलकावत होती, तबला सरकत होता, आणि भीमपलास मात्र जागचा हलत नव्हता. मॅडमना एकदम जाणवलं, की या पोरीचं गाणं आपण माणसांच्या गर्दीत आज पहिल्यांदा ऐकतोय.

मध्येच एका आजोबांचा थांबा आला. ते दोरीकडे हात करू लागले, तर शाहजादीबाईंनी डोळे वटारले. "थांबा जरा बाबा, पोरगी वर गेली हाय, खाली येऊ द्या." युसूफभाईंनी मानेनं सम दाखवली आणि शाहजादीबाईंनी बरोबर समेवर घंटी दिली. आजोबा उतरले, पण गाडी हलेपर्यंत रस्त्यावर उभे राहून ऐकत होते. त्यानंतर जो उतरला तो समेवरच उतरला.

देऊळघाट अजून पाच मिनिटांवर असताना द्रुत संपलं. चोवीस मिनिटं झाली होती. अख्ख्या गाडीनं टाळ्या वाजवल्या, गणेशभाऊंनी हॉर्न वाजवला. युसूफभाईंनी फोन घेऊन व्हिडिओ विद्यापीठाला पाठवायला लावला. तेवढ्यात मॅडमना प्राचार्यांचा फोन आला, त्यांच्या दुसऱ्या, साध्या फोनवर.

"मॅडम, कुठे आहात? आता पूनमचं गायन पुकारतोय!"

"झालं सर," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला. सहा कार्यक्रमांत त्यांना एवढं समाधान लाभलं नव्हतं.

ठरलं होतं असं, की मॅडम आणि युसूफभाई देऊळघाटला उतरतील आणि ऑटोनं परत जातील. पण मॅडम उठल्या आणि सोजराबाईही उठल्या. त्यांनी पिशवीतून शेगावचा प्रसादाचा नारळ काढला.

"बाई, थांबा. पोरीले शिकवलं कोनं? तुमीच ना? मंग तुमचा सत्कार नाही का कराचा?"

कुणीतरी खांद्यावरचा नवाकोरा टॉवेल पुढे केला. शाहजादीबाईंनी तो मॅडमच्या खांद्यावर पांघरला, सोजराबाईंनी हातात नारळ दिला, आणि गाडी पुन्हा टाळ्यांनी दुमदुमली. मॅडमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. इतक्या दिवसांत त्यांच्या हातात नारळ आला होता तो फक्त दुसऱ्याला द्यायला.

"मॅडम, दोन शब्द बोला," मागून आवाज आला.

मॅडमनी डोळे पुसले. दांडा धरला. आणि म्हणाल्या, "मी काही जास्त वेळ घेणार नाही."

युसूफभाईंनी ते वाक्य ऐकलं आणि डग्ग्यावर कपाळ टेकलं.

देऊळघाट आलं आणि गेलं. मॅडम आपल्या गुरूंबद्दल बोलत होत्या. मग विभागाच्या गळक्या खोलीबद्दल बोलल्या, तंबोऱ्याच्या तारांबद्दल, पहिल्या दिवशी घाबरून दारातच उभ्या राहिलेल्या पूनमबद्दल. बाया पदरानं डोळे टिपत होत्या. शाहजादीबाईंचा दोरीवरचा हात केव्हाच खाली आला होता. पूनम दोनदा अर्धी उठली, पण मॅडम नेमक्या तिच्याविषयीच बोलत होत्या, आणि आपल्याविषयी बोलत असलेल्या गुरूंना मध्येच तोडून खाली कसं उतरायचं? ती पुन्हा बसली. बोरखेडीच्या फाट्यावर एक माणूस मोटरसायकलजवळ उभा राहून हात हलवत होता. गणेशभाऊंना वाटलं, हाही टाळ्याच वाजवतो आहे; त्यांनी त्यालाही प्रेमानं हॉर्न दिला.

शेवटच्या गावात गाडी थांबली, इंजिन बंद झालं, तेव्हा कुठे मॅडमनी "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते" म्हटलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. गाडी आता सकाळपर्यंत कुठेच जाणार नव्हती. युसूफभाईंनी फोन पुढे केला. "व्हिडिओ पोचला मॅडम. बाकी आपलं काय ते पाहू."

मागून फटफट करत मोटरसायकल आली. गोविंदा धुळीनं माखला होता. त्यानं गाडी स्टँडवर लावायच्या आतच आरडाओरडा सुरू केला. "पूनम! चार कोस मांगं मांगं येऊन राह्यलो मी! फाट्यावर काऊन उतरली नाही वं?"

पूनमनं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा खांद्यावर टॉवेल आणि हातात नारळ घेऊन पायरीवर उभ्या असलेल्या सुचिता मॅडमकडे पाहिलं.

"उतरतच होती बाबा," ती म्हणाली. "पण मॅडम दोन शब्द बोलून राह्यल्या होत्या."