बत्तीस रकान्यांची गाडी

सदूभाऊ म्हात्र्यांनी ती डबी मागवायलाच नको होती. पण तहसील कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेल्या माणसाला दुपार फार मोठी वाटते, आणि बायको जाऊन दोन वर्षं झाली असतील तर संपता संपत नाही. काड्यापेटीएवढी डबी गाडीच्या स्टिअरिंगखाली खोचली की इंजिनाची सगळी तब्येत मोबाईलवर दिसते, असं त्यांनी कुठेतरी पाहिलं. (त्यांची स्वतःची तब्येत विचारणारं घरात कोणी नव्हतं. निदान गाडीची तरी कळेल.)

डबी बसली. पण सोळा वर्षांच्या गाडीची माहिती मोबाईलवर इतकी रेंगाळत यायची, की गाडी शेजारच्या येसूबाईंच्या अंगणाशी उभी राहिली तरी मोबाईल चाळीसच्या वेगाने धावतच होता.

"तुमचा फोन अजून वाटंतच हाय व्हय?" येसूबाईंनी विचारलं.

गॅरेजवाला भिकू म्हणाला, "गाडी चालते ना भाऊ? मग तिला इचारता कशाला?"

शेवटी त्यांनी मुंबईला लेकीला फोन लावला. प्राप्ती इंजिनीअर. एरवी तिचा फोन रविवारी यायचा: जेवलास का, गोळी घेतलीस का, ठेवते. दोन मिनिटांत खेळ खलास. त्या दिवशी मात्र ती चाळीस मिनिटं बोलली. डबी काढ, परत घाल, मोबाईल बंद कर, चालू कर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला तिनेच फोन केला. तिसऱ्याही दिवशी केला. सदूभाऊंना आपल्याच हातची आमटी गोड लागायला लागली.

चौथ्या दिवशी घात झाला. बिघाड सापडला.

"बाबा, मोबाईलवर काय काय दाखवायचं त्या यादीतल्या किती रकान्यांवर तू खूण केलीयस?"

"सगळ्या. बत्तीस." (रकाना रिकामा सोडणं कारकुनाच्या रक्तात नसतं.)

"अरे, जुनी गाडी एका वेळी एकाच प्रश्नाचं उत्तर देते. बत्तीस विचारलेस तर शेवटच्याचा नंबर कधी लागणार? तीनच ठेव."

तीन ठेवले. मोबाईलवरचा काटा गाडीबरोबर पळू लागला. "सुटला प्रश्न!" म्हणून प्राप्तीने आनंदाने फोन ठेवला, तो ठेवलाच. तीन दिवस सदूभाऊ संध्याकाळी सातला मोबाईल मांडीवर घेऊन पडवीत बसले. घर खायला उठलं होतं.

मग त्यांनी बत्तीसच्या बत्तीस खुणा परत केल्या आणि फोन लावला. "पुन्हा हळू झालीय गं."

"मोबाईल गाडीची नोंद ठेवतो ना, ती फाईल पाठव," ती म्हणाली. त्यांनी इमानदारीत पाठवली. तिने ती उघडून पाहिली. "शनिवारी येते. अकराच्या लाँचने. रेवसच्या धक्क्यावर न्यायला ये."

शुक्रवारी सदूभाऊंनी गाडी धुतली. चावी फिरवून डबी लागते ना ते पाहिलं, आणि आनंदाच्या भरात चावी तशीच ठेवून सुरमई आणायला गेले. शनिवारी सकाळी बॅटरीने मान टाकलेली. लेकीला आणायला ते एस्टीने धक्क्यावर पोचले.

"गाडी कुठाय?"

"बंद."

"मोबाईलवर काय दाखवते?"

"कायच न्हाय."

"म्हणजे आता हळू नाही," प्राप्ती म्हणाली.

जेवताना तिने विषय काढला. "बाबा, त्या फाईलमध्ये बत्तीसही रकाने होते."

सदूभाऊंनी सुरमईचा काटा उगाच ताटाच्या कडेला नेऊन ठेवला. "तीन ठेवले की तू फोन ठेवतेस," ते म्हणाले. "एकट्याला करमत न्हाय गं."

प्राप्तीने आपल्या ताटातली तुकडी त्यांच्या ताटात वाढली. मग म्हणाली, "सोमवारपासून रोज सातला करीन. पण मी पण दमून येते रे. तीनच प्रश्न विचारायचे."

सोमवारी सदूभाऊ दुपारपासून कागद घेऊन बसले. बत्तीस प्रश्न लिहिले आणि जीव तोडून त्यातले एकोणतीस खोडले. बरोबर सातला फोन वाजला. चष्मा सापडेना, कागदावरचं दिसेना.

"हॅलो! प्राप्ती, तूच ना? आवाज येतो का? जरा मोठ्यानं बोलू?"

"मीच. येतो. नको," प्राप्ती म्हणाली. "झाले तीन."