रुसून झालेला देश

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत ‘उद्या पाणी येणार नाही’ अशी साधी नोटीस लागली, की नाफडे सर खिशातलं पेन काढून तिच्यावर ‘बंधुभगिनींनो, काळीज घट्ट करा’ असं लिहून जातात. मी सेक्रेटरी. मला नोटीस पुन्हा टाइप करावी लागते.

सर शाळेत इतिहास शिकवायचे. रिटायर झाले, पण अमेरिकेचं स्वातंत्र्य त्यांच्या डोक्यातून गेलेलं नाही. त्यांच्या मते तो देश बंदुकांनी झालाच नाही, रुसव्याफुगव्यांनी झाला. तिकडचे लोक आधी राजाला बाप म्हणत, इंग्लंडला आई, आणि अर्जात स्वतःला लेकरं. बाप ऐकेना, तसे अर्जातले शब्द दुखावत गेले आणि शेवटी लेकरं वेगळी निघाली. हे सर भाजी घेतानाही सांगतात. समोरच्याचं लक्ष नसेल तर “अहो, यातली भावना बघा” म्हणून त्याचा दंड धरतात. तोवर भाजीवाली दोडकी दुसऱ्याला देऊन मोकळी होते.

यंदा पाण्यावरून आमच्या दोन विंगांची जुंपली. बी विंगने वेगळी सोसायटी काढायचं ठरवलं आणि ठराव लिहायचं काम सरांना दिलं, कारण सर बी विंगचे. इतक्या वर्षांनी त्यांना घरबसल्या स्वातंत्र्ययुद्ध मिळालं होतं. मला मात्र घाम फुटला.

सभेला सर कडक इस्त्रीचा झब्बा घालून उभे राहिले. सुरुवात दणक्यात झाली. ए विंगचा जुलूम, पाण्याचा बंद व्हॉल्व्ह, कोरड्या बादल्या. बी विंगने टाळ्या वाजवल्या. पुढे ‘ए विंगच्या भावांनो, तुमचा गणपती आम्ही आमचाच मानला’ इथपर्यंत आले आणि थांबले. कागदाची घडी घातली.

“हे माझ्याच्यानं वाचवत नाही,” म्हणाले आणि घरी गेले.

त्यानंतर ठराव मांडायला कुणी उठेना. शेवटी व्हॉल्व्ह सोडायची वेळ बदलली आणि भांडण मिटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आभार मानायला गेले. सर एकटेच राहतात, मुलगा न्यू जर्सीला. चहा ठेवता ठेवता म्हणाले, “अमोलने परवा तिकडची शपथ घेतली. आता तो अमेरिकन.”

मी अभिनंदन केलं. ते हसले.

“चांगलंच झालं हो. पण वर्गात मी कायम निघून जाणाऱ्या लेकरांच्या बाजूने शिकवलं. मागे राहिलेल्या त्या राजाला त्या दिवशी जेवण गेलं का, हे कधी मनातच आलं नाही.”

मी गॅस बंद केला आणि त्यांना ए विंगमध्ये आमच्याकडे जेवायला घेऊन आले.